रात्रपाळी आणि मराठी साहित्याची झोप

मराठी साहित्यात रात्र पुष्कळ आहे. विरहिणीची रात्र आहे, निद्रानाश झालेल्या कवीची आहे, कीर्तनाच्या जागराची आहे, भयकथेतली अमावास्येची तर आहेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील संयमी पुरुषही इतरांच्या रात्रीत जागा असतो, आणि त्या एका श्लोकावर आपल्याकडे कितीतरी निरूपणे झाली. या सगळ्या रात्रींमध्ये जागणारा माणूस स्वतःसाठी, देवासाठी किंवा प्रिय व्यक्तीसाठी जागतो. महिन्याच्या पगारासाठी जागणारा माणूस मात्र आमच्या कथा-कादंबऱ्यांत बहुधा एखाद्या वाक्यापुरता येतो. लांबवर काठी आपटल्याचा आवाज होतो, शिट्टी वाजते, आणि नायकाला (व वाचकाला) कळते की रात्र बरीच झाली आहे. एवढे काम करून तो निघून जातो. घड्याळाचा टोला आणि गुरख्याची शिट्टी यांच्यात आमच्या गद्याने फारसा भेद केलेला नाही.

हा केवळ एका विषयाचा अनुल्लेख असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. जगातल्या सगळ्या व्यवसायांना साहित्यात आरक्षण असावे अशी आमची मागणी नाही. आमचे म्हणणे याहून अधिक कडू आहे. बारा तासांची रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांना दिसत नाही, कारण तो दिसल्यास आमच्याच एका सहीकडे बोट जाते. ती सही कोणती, ते पुढे सांगू.

आम्ही राहतो ते नवी मुंबईतले बोनकोडे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, त्या गावांपैकी हे एक. भातशेती गेली, खाडीवरची मासेमारी आक्रसली. गावाभोवती कोपरखैरण्याची सेक्टरे उभी राहिली आणि मध्ये गावठाण राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसे गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, हा इतिहास येथल्या आगरी-कोळी घरांत आजही सांगितला जातो. याच गावठाणात माळ्यावर माळा चढवून 'गरजेपोटी' बांधलेल्या घरांत भाड्याच्या खोल्या आहेत. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की पावणे, महापे, रबाळे ही औद्योगिक वसाहत. पश्चिमेला सेक्टरांमधल्या गृहनिर्माण संस्था. दोन्हीकडच्या फाटकांवर उभा राहणारा माणूस या खोल्यांतून राहतो. ज्या जमिनी गावाने गमावल्या त्यांची राखण करायला दुसऱ्या गावांतून आलेली माणसे या गावात भाड्याने राहतात. या विचित्र चक्रावर आमच्या माहितीत एकही मराठी कादंबरी नाही.

सकाळी आठला पाळी सुटते. साडेआठच्या सुमारास गावठाणाच्या गल्लीत ती माणसे परतताना दिसतात. गणवेशाचा सदरा पिशवीत, अंगात बनियन किंवा साधा शर्ट, हातात दुधाची पिशवी. खोलीतले दिवसपाळीवाले तेव्हा नुकतेच गेलेले असतात. त्यांच्या चटया अजून गुंडाळलेल्या नसतात, त्याच चटईवर हे आडवे होतात. बाहेर शाळेच्या गाड्या, भंगारवाले, बांधकामावरचे कटर, दुपारी नळाला पाणी आले की भांड्यांचा आवाज. दिवसाची झोप ही तुकड्यातुकड्यांची झोप असते. संध्याकाळी साडेसहाला उठून डबा बांधायचा आणि आठ वाजता पुन्हा फाटकावर.

शरीर हे सोसते असा आमचा गोड समज आहे. शरीराच्या अंतर्गत घड्याळाची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'लवकर निजे' छापाचे लेख लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे, ही गोष्ट मात्र आमच्या फाटकापर्यंत पोहोचली नाही. पोहोचली असती तरी काय झाले असते हा प्रश्न आहेच. फाटकावरच्या माणसाला आपल्या शरीराविषयी जे रोज कळते, ते सांगायला त्याला शास्त्रज्ञाची गरज नाही.

गेल्या वर्षी एका रात्री दोनच्या सुमारास आम्ही बाहेरगावाहून परतलो, तेव्हा आमच्या फाटकावरच्या केबिनमध्ये एक तरुण रक्षक घाईघाईने काहीतरी रजिस्टरखाली सारताना दिसला. आम्हाला वाटले मोबाइल असेल. ते पुस्तक होते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून तो बी. ए. करीत होता, विषय मराठी. मराठवाड्यातला मुलगा, वय चोविसाच्या आसपास. आम्ही शिकवतो हे त्याला ठाऊक होते. त्याने विचारले, "सर, ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये यात नेमकं काय लिहायचं?" आम्ही तेथेच उभे राहून दहा मिनिटे व्याख्यान दिले : मातीशी नाते, बोलीचा वापर, बदलत्या गावाचे चित्रण, वगैरे. तो मान हलवीत होता. "लपवतोस कशाला? वाचतोयस तर चांगलंच आहे की," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "सर, राउंडवाला आला आणि पुस्तक दिसलं तर झोपल्यासारखंच धरतात. एका दिवसाचा पगार जातो."

पुढच्याच महिन्यात तो दिसेनासा झाला. सुपरवायझरने सांगितले, "ड्यूटीवर वाचत होता, साइट बदलली." परीक्षेला बसला की नाही, आम्हाला माहीत नाही. आम्ही विचारले नाही. आणि या सगळ्या संभाषणात तो आम्हाला 'सर' म्हणत होता व आम्ही त्याला 'तू' म्हणत होतो, हेही आमच्या नंतर लक्षात आले. तो वयाने लहान होता असे म्हणून सुटका करून घ्यावी, तर दिवसपाळीला साठीचा एक गृहस्थ उभा असतो, आणि त्यालाही सोसायटीतली कॉलेजची पोरे 'ए वॉचमन' अशीच हाक मारतात. मराठीला तू, तुम्ही आणि आपण अशी आदराची तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे, तिचा आम्हाला अभिमान आहे, तिच्यावर आम्ही प्रबंध लिहितो. फाटकाशी ती व्यवस्था एका पायरीवर येते. काही सुसंस्कृत घरांत मुलांना 'वॉचमनकाका' म्हणायला शिकवतात. ठीक आहे. पण या काकाचे नाव घरात कोणाला माहीत असते?

आता त्या सहीकडे येऊ. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन एजन्सींची कोटेशने मांडली गेली. सभेत एक मराठीचे निवृत्त प्राध्यापक होते, दोन शिक्षिका होत्या, एक सद्गृहस्थ कविता करतात, आणि आम्ही होतो. सर्वांत कमी दराचे कोटेशन सर्वानुमते मंजूर झाले. त्या कागदावर 'बारा तास, दोन पाळ्या' असे स्वच्छ लिहिलेले होते. कोणीही त्यावर बोलले नाही. पुढचा विषय पार्किंगचा होता आणि त्यावर दीड तास चर्चा झाली.

साहित्यातल्या माणसांना आकड्यांचा कंटाळा असतो, तरी एक हिशेब येथे करू. आठवड्याचे तास १६८. फाटक एक क्षणही मोकळे ठेवायचे नसेल आणि माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचे असेल, तर एका फाटकाला साडेतीन माणसे लागतात. तीन रक्षक आणि सुट्टीच्या दिवसांसाठी अर्धा रिलीव्हर. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या आणि साप्ताहिक सुट्टी दिली नाही, तर दोन माणसांत भागते. प्रत्येकाचे आठवड्याला ८४ तास. म्हणजे ३६ तास जास्तीचे, वर्षाला १८७२. ४८ तासांच्या आठवड्याने मोजले तर बावन्न आठवड्यांच्या वर्षात तो माणूस एक्क्याण्णव आठवडे काम करतो. हे सर्वसाधारण दिवसांचे झाले. जोडीदार आला नाही की 'डबल ड्यूटी', म्हणजे सलग चोवीस तास. आम्ही सर्वानुमते वाचवले ते पैसे या एकोणचाळीस आठवड्यांतून आलेले आहेत.

यावर ठरलेले उत्तर येते, की त्यालाच जास्त तास हवे असतात, त्याशिवाय गावी पैसे कसे पाठवणार? हे उत्तर सभेतही कोणीतरी जिन्यात दिले. त्याला जास्त तास हवे असतात हे खरे आहे, कारण आठ तासांच्या पैशांत त्याचे भागत नाही. जादा तासांना दुप्पट मजुरी हे तत्त्व आमच्या कामगार कायद्यांत कित्येक दशके लिहिलेले आहे. त्या कोटेशनात दुप्पट दराचा रकाना नव्हता. बारा तास हीच 'एक ड्यूटी' धरलेली होती. गरजेला निवड म्हणण्याची ही युक्ती साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी ओळखता आली पाहिजे. शब्दांचे अर्थ कोण ठरवतो हे तपासणे हाच आपला धंदा ना?

म्हणून शब्दापासूनच पाहू. 'रात्रपाळी' या शब्दातली 'पाळी' म्हणजे आळीपाळीने येणारी गोष्ट. आज माझी, उद्या तुझी. दया पवारांच्या 'बलुतं'मुळे (१९७८) साहित्यवाचकांना येसकरपाळी ठाऊक आहे. गावाच्या वेशीवर पहारा, सरकारी कामाला धावपळ, आणि बदल्यात घरोघरची भाकर. त्र्यं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) जागले, रामोशी, महार यांची गावराखणीची कामे व हक्क नोंदलेले आहेत. संत एकनाथांच्या 'जोहार' भारुडांत तर हा गावकामगार दरबारात उभा राहून साऱ्या गावाचा, म्हणजे देहाचा, हिशेब देतो. तेव्हा रखवालदार मराठी साहित्यात कधी बोललाच नाही असे नाही. सोळाव्या शतकात तो बोलत होता. रूपक म्हणून का होईना, त्याला तोंड होते.

या जुन्या व्यवस्थेची आठवण काढताना कोणी हळवे होऊ नये. राखणीचा हक्क आणि राखणीची सक्ती एकाच जातीच्या गळ्यात बांधलेली होती. हक्क काढून घेतले की काय होते ते इंग्रजी अमलाच्या आरंभी पुरंदरच्या रामोश्यांनी अनुभवले, आणि त्यांचा पुढारी उमाजी नाईक १८३२ साली पुण्यात फासावर गेला. आणि सक्ती म्हणजे काय हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडताना सांगितले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की या माणसांच्या कामाला वेळेची मर्यादाच नाही. रात्री-अपरात्री केव्हाही हाक यावी आणि मोबदला नाममात्र असावा, ही नोकरी नव्हे. ही कनिष्ठ वतने कायद्याने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. वतने गेली, आणि ज्या गोष्टीविरुद्ध तो लढा होता ती गोष्ट, म्हणजे तासांना नसलेली मर्यादा, सर्व जातींच्या गरिबांसाठी कंत्राटाच्या दारातून परत आली. येसकरपाळीत निदान पाळी होती. आज आमच्या फाटकावरच्या माणसाला महिनोन्महिने रात्रच असते. पाळी हा शब्द तेथे खोटा पडला आहे.

मुंबई परिसराने ही मर्यादा मिळवण्यासाठी थोडे कष्ट घेतलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू' चालवले, आणि त्यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या माथाडींच्या वसाहती आमच्या शेजारीच कोपरखैरणे, घणसोलीत आहेत. त्याच माथाडी मंडळांच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, आस्थापनेने पगार व त्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांचा हिशेब मंडळाने ठेवायचा. आडत्या मध्ये नको, हा त्याचा साधा अर्थ. पण याच कायद्यात सूट देण्याचे कलमही आहे, आणि त्या वाटेने एजन्सी टिकून राहिल्या. २००५ साली केंद्राने खाजगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा केला. त्याखालच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला शंभर तासांचे वर्गशिक्षण आणि साठ तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितले आहे. आमच्या फाटकावर आलेल्या तरुणाला पहिल्या दिवशी मिळाली ती एक शिट्टी, आणि दोन मापे मोठी पॅण्ट. पॅण्टीचे पैसे पगारातून कापले गेले.

१९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांतले कित्येक पुढे कुठल्या ना कुठल्या फाटकावर वॉचमन झाले, हे गिरणगावच्या मौखिक इतिहासात वारंवार येते. साहित्याने गिरणी पाहिली : नारायण सुर्वे यांनी पाहिली, जयंत पवारांच्या 'अधांतर'ने (१९९७) संपानंतरचे घर पाहिले. गिरणी कामगार मराठी साहित्यात नायक झाला, आणि तोच माणूस खाकी सदरा घालून फाटकावर उभा राहिला तेव्हा साहित्याच्या दृष्टिआड झाला. असे का व्हावे?

आमच्या मते याला दोन कारणे आहेत, आणि दोन्ही समीक्षेची आहेत. पहिले असे की श्रमाचे आमचे सौंदर्यशास्त्र वस्तू घडवणाऱ्या श्रमावर बेतलेले आहे. कापड निघते, धान्य पिकते, पोते उचलले जाते, भोंगा वाजतो, हजारो माणसे एका दारातून बाहेर पडतात, त्यातून प्रतिमा तयार होतात. रखवालदाराच्या श्रमातून काहीच निघत नाही. रात्रभर काही घडले नाही, हेच त्याचे उत्पादन. ते चांगले झाले तर कोणाला दिसत नाही. बिघडले तरच दिसते, आणि तेव्हा तो आरोपी असतो. 'तो तर नुसता बसून असतो' हे वाक्य सोसायटीच्या सभेत बोलले जाते तेव्हा आम्ही नाक मुरडतो; पण कथेत घटना हवी, संघर्ष हवा, असे वर्गात शिकवताना आम्हीही तेच म्हणत असतो.

दुसरे कारण आमच्या कप्पेबंद वर्गीकरणाचे. नायक एस.टी.त बसला की ग्रामीण साहित्य संपते, आणि शहरात खोली मिळाली की महानगरी साहित्य सुरू होते. देशीवादाने गावाकडे पाहिले, महानगरी जाणिवेने चाळीकडे आणि फ्लॅटकडे. यांच्या मधल्या फाटकावर जो उभा आहे, त्याला कोणत्या प्रश्नपत्रिकेत घालायचे हे अभ्यासमंडळाला ठरवता आलेले नाही. आम्ही त्या मुलाला ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये सांगितली त्या रात्री आमच्यासमोर उभे असलेले ग्रामीण वास्तव आम्हाला दिसले नाही, कारण ते आमच्या मुद्द्यांच्या यादीत नव्हते.

वास्तविक या माणसांजवळ लेखन आहे. प्रत्येक फाटकावर एक रजिस्टर असते. रात्रीच्या ठरावीक तासांना त्यात नोंद करावी लागते : वेळ, राउंड, पंप बंद, टेरेसचे कुलूप पाहिले, सर्व ठीक. आम्ही आमच्या फाटकावरचे जुने रजिस्टर एकदा मागून वाचले. मराठी, हिंदी, मोडके इंग्रजी, चार-पाच हस्ताक्षरे. मध्यरात्री बाराचे अक्षर सरळ असते, तीनचे ओळ सोडून खाली उतरते, पाचला पुन्हा सावरते. एका पानावर साडेतीन वाजताच्या नोंदीत 'सर्व ठीक' हे शब्द सलग दोनदा लिहिले गेले होते, आणि पुढे पेनाची एक लांब रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. तेथे काय झाले हे कोणालाही कळेल. आम्ही वर्गात मौनाचे, रिकाम्या जागेचे, न सांगितलेल्याचे वाचन शिकवतो. त्या रेघेचे वाचन आम्हाला कोणी शिकवले नाही, आणि आता तर फोनवरच्या ॲपने आणि भिंतीवरच्या कोडने ती रेघही पुसत आणली आहे. राउंडला कोड स्कॅन झाला की नोंद आपोआप होते. माणूस पेंगला की नाही हे आता फक्त यंत्राला कळते, आणि ते एजन्सीला कळवते.

'साहित्य म्हणजे युनियनचे पत्रक नव्हे' असा आक्षेप आमच्यावर येणार. आक्षेपकांना आम्ही एका कादंबरीकडे बोट दाखवतो. गॉझ हा मूळचा आयव्हरी कोस्टचा लेखक. पॅरिसमध्ये तो स्वतः सुरक्षारक्षक होता. त्याची 'दबू-पेये' ही फ्रेंच कादंबरी २०१४ साली आली. तिच्या इंग्रजी अनुवादाचे २०२३ साली आंतरराष्ट्रीय बुकरच्या लघुयादीत नाव होते. शीर्षकाचा भाव असा, की उभे राहण्याचा पगार मिळवणारा. दुकानाच्या दारात तासन्‌तास उभा असलेला आफ्रिकी रक्षक आत-बाहेर करणाऱ्या गिऱ्हाइकांकडे पाहतो आणि पाहता पाहता फ्रान्सच्या वसाहतवादाचा इतिहास सांगतो. त्यात कुठेही पत्रक नाही. 'काही घडत नाही' या अडचणीतूनच त्याने आपला आकार घडवला आहे. म्हणजे हा विषय साहित्यात मावत नाही असे नव्हे, आम्ही मापच चुकीचे घेतले.

दुसरी साक्ष झाक रॉन्सिएर यांची. १८३० च्या दशकातल्या फ्रेंच कामगारांच्या रात्रींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. तो १९८१ चा, आमच्या सुरक्षा रक्षक कायद्याच्याच वर्षाचा. सुतार, शिंपी यांच्यासारखे कामगार दिवसभर काम करून रात्री झोपेचे तास चोरतात, कविता करतात, पत्रे आणि नियतकालिके लिहितात, आणि आपण केवळ हात नाही हे सिद्ध करतात. हा ग्रंथ आमच्या विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत गौरवाने उद्धृत होतो. पण त्याचा कणा एका साध्या गोष्टीवर उभा आहे. त्या कामगारांची रात्र त्यांची स्वतःची होती. दिवस विकला गेला तरी रात्र उरली होती. आमच्या फाटकावरच्या मुलाने नेमकी रात्रच विकली आहे, आणि दिवस झोपेला लागतो. त्याने त्या विकलेल्या रात्रीतून वाचनाची दहा मिनिटे चोरली, तर त्याचा एक दिवसाचा पगार गेला. 'नवे लेखक तळागाळातून का येत नाहीत' असा परिसंवाद आम्ही दर दोन-चार वर्षांनी घेतो. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर हा हिशेब छापावा.

२०१९ च्या निवडणुकीत 'चौकीदार' हा शब्द देशभर दुमदुमला. एका बाजूने पुढाऱ्यांनी तो आपल्या नावामागे लावला, दुसऱ्या बाजूने त्याला चोर म्हटले. दोन्ही घोषणांच्या सभांना रात्री मंडपाची राखण करायला माणूस उभा होताच. त्याच्या कामाच्या तासांविषयी कोणत्याच घोषणेत शब्द नव्हता. पुढाऱ्यांनी शब्द वापरून टाकून दिला, याचा आम्हाला राग येतो. मग आम्ही तरी त्याची शिट्टी वेळ दाखवण्यापुरती वापरून काय वेगळे केले?

आता कोणी उठून फाटकावरच्या काकांवर करुण कविता लिहू नये. ती येईल याचीच आम्हाला धास्ती आहे. थंडीत शेकोटी, डोळ्यांत गाव, खिशात मुलीचा फोटो. अशा कवितेने कवीला बरे वाटते आणि कोटेशन तसेच राहते. आमच्या मागण्या गद्य आहेत. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन पाळ्यांचे कोटेशन मागवा, साप्ताहिक सुट्टीचा रिलीव्हर त्यात धरा, आणि वाढणारा खर्च प्रत्येक घरामागे किती येतो ते फळ्यावर लिहा. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकावर रात्री कोण असतो, तो किती तास असतो, त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे प्राचार्यांना लेखी विचारा. साहित्य संमेलनाच्या आयोजकांना ग्रंथप्रदर्शनाच्या राखणदारांविषयी हेच विचारा. कंत्राटात एक ओळ घालून घ्या, की राउंड पुरे करून रक्षकाने केबिनमध्ये पुस्तक वाचले तर तो गुन्हा धरला जाणार नाही. ही शेवटची मागणी मराठीच्या शिक्षकांनी करायची नाही तर कोणी करायची?

आमच्या सभेत पुढल्या खेपेस आम्ही हे मांडणार आहोत. ठराव बहुधा पडेल. दरवाढ कोणालाच नको असते. पण पडला तर तो मतांनी पडावा, आणि कोणी विरोधात हात वर केला हे इतिवृत्तात लिहिले जावे. मागच्या वेळचे 'सर्वानुमते' हे आमचे स्वतःचे लेखन आहे, आणि ते दुरुस्त करण्यापासून आरंभ करण्याखेरीज आम्हाला दुसरा मार्ग दिसत नाही. त्या मुलाच्या नव्या साइटचा पत्ता सुपरवायझरकडे असेल. तोही विचारायचा आहे, आणि या खेपेस नावासकट.